साहेब अर्धेलीवर

ज्या दिवशी माझ्या पदोन्नतीपूर्व प्रशिक्षणाचं पत्र आलं, त्या दिवशी मी कार्यालयात पेढे वाटले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं वाचून कुणालाही वाटेल की या माणसाला अक्कल नव्हती. तर नव्हतीच. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: प्रशिक्षण पुण्याला, निवासी, सहा आठवडे, गैरहजर राहणाऱ्याचा पदोन्नतीचा हक्क संपुष्टात येईल. बावीस वर्षं कारकुनी करून मी या पत्राची वाट पाहिली होती. पेढा तोंडात टाकला आणि आमचा शिपाई चंदू म्हणाला, "अभिनंदन भाऊसाहेब. मंग घरी सशाला कोन बघनार?"

पेढा घशातच राहिला.

आमच्या घरी एक ससा आहे. त्याचं नाव साहेब. माझ्या मुलीने, प्रियदर्शिनीने, ते ठेवलं. दिवसभर एका जागी बसायचं, समोर येईल त्या कागदाकडे पाहून नाक हलवायचं आणि निर्णय कसलाच द्यायचा नाही, हे पाहून तिला माझ्या कार्यालयातल्या गोष्टी आठवल्या म्हणे. मी हसलो नाही. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, वस्तुस्थितीच होती. दर्शू सध्या लातूरला फार्मसी शिकते. बायको सरिता आईचं खुब्याचं हाड मोडल्यामुळे मुलुंडला जाऊन राहिलेली. म्हणजे महाडच्या घरात मी आणि साहेब दोघेच. आमचं फारसं सख्य नव्हतं, पण कामापुरतं बरं चाललं होतं.

आता थोडं न हसता सांगतो. महाडात तळमजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाची एक यादी असते. सावित्रीचं पाणी चढायला लागलं, भोंगा वाजला की घरातली कुठली वस्तू कुठल्या क्रमाने वर न्यायची, त्याची यादी. बहुतेकांच्या ती डोक्यात असते. मी कारकून, त्यामुळे आमची टाइप केलेली, अनुक्रमांक घालून, दारामागे चिकटवलेली. २०२१च्या जुलैत त्या यादीत पहिल्या क्रमांकावर माझ्या सेवापुस्तकाची नक्कल होती आणि चौदाव्यावर 'ससा (पिंजऱ्यासह)'. तेव्हाचा ससा वेगळा, मुरमुरा नावाचा. मी अकराव्या क्रमांकापर्यंत पोचलो आणि पाणी कमरेवर आलं. दर्शू तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, कारण चाळीस दिवस ती माझ्याशी एकही शब्द बोलली नाही. मी ते चाळीस दिवस मोजलेत.

दोन वर्षांनी मी आपण होऊन साहेबांना घरी आणलं आणि तिला शब्द दिला, की याला कधीही कुणा परक्याच्या हवाली करणार नाही. नवी यादी टाइप केली, तेव्हा तिने माझ्या पहिल्या क्रमांकाच्या वर पेन्सिलीने लिहिलं, '० - साहेब'. शून्य हा अनुक्रमांक कुठल्याही सरकारी यादीत बसत नाही. मी हरकत घेतली नाही.

आणि आता सहा आठवडे पुण्याला. वीस मार्चला चवदार तळ्याला दरवर्षीप्रमाणे दर्शू येणार, मैत्रिणींना घेऊन येणार, आणि घरात पाऊल टाकल्यावर ती आधी पिंजऱ्याकडे जाते, मग आपल्या बापाकडे पाहते.

महाडात वस्तू वर न्यायच्या म्हणजे आमच्यासाठी इस्माईलभाईंकडे न्यायच्या. ते वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या दोन मालवाहू गाड्या आहेत आणि दोन्हींपैकी एक नेहमी कशेडी घाटात अडकलेली असते. गेल्या पुरापासून आमची कागदपत्रं त्यांच्याच माळ्यावर असतात, मग ससा का नको? आसियाभाभी लगेच म्हणाल्या, "नागसेनभाऊ, विचारायचं काय त्यात? आपलंच घर समजा." साहेबांनी ते अक्षरशः तसंच समजलं.

अडचण एकच होती. इस्माईलभाईंचा धाकटा भाऊ हाशिम कुवेतला असतो. त्याने मागच्या सुट्टीत भाभींसाठी एक लांब केसांची, चपट्या नाकाची मांजर मुंबईहून आणून दिली होती. आम्हा सगळ्यांना काळजी सशाची होती. चार दिवस चाचणी म्हणून पिंजरा वर ठेवला. पहिल्या दिवशी मांजर पिंजऱ्याजवळ गेली, साहेबांनी मागचा पाय जमिनीवर एकदाच आपटला, आणि मांजर कपाटावर चढली. ती खाली आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने दूध सोडलं. तिसऱ्या दिवशी हाशिम कुवेतहून व्हिडिओ कॉलवर मांजर बघायला मागत होता, भाभी फोन घेऊन स्टुलावर चढल्या होत्या, आणि त्याच वेळी साहेबांनी खालून इंटरनेटची वायर कुरतडून दोन तुकडे केले. कुवेतला फक्त भाभींची किंकाळी पोचली. हाशिमने घाबरून महाडात ओळखीच्या नऊ जणांना फोन केले. अर्ध्या तासात जिन्यावर गर्दी.

"नागसेनभाऊ," इस्माईलभाई रात्री खाली येऊन फार जड आवाजात म्हणाले, "तुमचं सामान पूर आला तर मी डोक्यावर घेऊन वर नेईन. हा नको."

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे अडचणीला माणूस धावून येतो की नाही माहीत नाही, सल्ला नक्की येतो. समोरचे सयाजी गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले की सशाला स्वावलंबन शिकवा. रोज थोडा थोडा वेळ घराबाहेर राहा, म्हणजे त्याला सवय होईल. मी दोन संध्याकाळी खरंच बाहेर ओट्यावर बसलो. साहेबांना काहीच फरक पडला नाही, मला मात्र डास चावले. सरिताने मुलुंडहून फोनवर सांगितलं, "अहो, तुम्ही एवढी माणसं ओळखता, एक ससा ठेवून घेणारं कोणी नाही? मग ओळखता तरी कशाला?" या प्रश्नावर मी अजून विचार करतो आहे.

शेवटी सरकारी माणसाला सुचतं तेच सुचलं: सरकार. सहा आठवडे ससा ठेवून घ्याल का, असं विचारायला जनावरांच्या एका सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या नोंदवहीत रकाने होते: गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी, इतर. टेबलावरच्या माणसाने 'इतर'वर बोट ठेवलं, विचार केला आणि बोट उचललं. म्हणाला, "इतरमध्ये मागे एक गाढव घेतलं होतं. त्याबद्दल वरून विचारणा झाली. ससा म्हणजे वन्यप्राणी. वनखात्याचं पत्र आणा."

दुसऱ्या दिवशी वनखात्याचा एक गृहस्थ घरी आला. चांगला माणूस. त्याने साहेबांना चहूबाजूंनी पाहिलं, कान पाहिले, रंग पाहिला आणि सांगितलं, "हा रानातला नाही. पाळीव आहे."

"मग तसं लेखी द्या," मी म्हणालो.

"जो वन्यप्राणीच नाही, त्याच्याबद्दल वनखातं लेखी कसं देणार? तो आमचा विषयच नाही."

मी बावीस वर्षं लोकांना उत्तरं देतो आहे, पण इतकं चोख उत्तर माझ्या हातून कधी गेलं नाही. मला राग आला आणि थोडा आदरही वाटला. मी त्याला चहा दिला.

उरला एकच मार्ग: साहेबांना पुण्यालाच न्यायचं. प्रशिक्षण केंद्रात फोन केला. पलीकडचा म्हणाला, प्रशिक्षणार्थीसोबत प्राणी ठेवण्याबाबत परिपत्रक नाही. मनाई आहे का? मनाई करणारंही परिपत्रक नाही. लेखी विनंती करा, वरिष्ठांपुढे ठेवू. मी विनंतीअर्ज पाठवला, सोबत सशाचं छायाचित्र, समोरून एक आणि बाजूने एक. निघायला पाच दिवस उरले होते. मी रात्री झोपेनासा झालो. जेवताना पिंजऱ्यासमोर बसून मी साहेबांना म्हणायचो, "तुमच्यामुळे माझी बढती जाणार," आणि साहेब नाक हलवायचे.

अशा वेळी चंदूने मला वाचवलं. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. तो पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. तिथे त्याची आत्या राहते, जानकीबाई. एकटीच. मुलगे ठाण्याला. "आत्यानं सगळा संभाळलाय, भाऊसाहेब. शेल्या, कोंबड्या, म्हशीचा रेडकू. तिच्याकडं जनावर मरत नाय." हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर मी पुढचं काहीच विचारलं नाही. परक्याच्या हवाली करणार नाही हा शब्द मला आठवत होता. पण चंदूची आत्या म्हणजे परकी कशी, असं मी मनाशी टिपण तयार केलं आणि मनाशीच मंजूर केलं. दर्शूला मात्र फोनवर सांगितलं, "साहेब वर इस्माईलकाकांकडे आहेत, मजेत." वर हा शब्द खरा होता. बाकीचं वाक्य खोटं होतं आणि ते माझ्या पोटात पुढे सहा आठवडे राहिलं.

खोक्याला भोकं पाडून मी आणि चंदू एसटीत बसलो. पोलादपूर येईपर्यंत सगळ्या गाडीला कळलं होतं की खोक्यात ससा आहे. शेजारचा एक म्हातारा भोकाला डोळा लावून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वर वाडीत नेतावं? येताना खोका रिकामाच आनशाल." मागच्या बाकावरून कुणीतरी मसाल्याचं प्रमाण सांगितलं. मी खोकं मांडीवर घट्ट धरलं. ससा मांडीवर घेतलेल्या त्या अर्ध्या तासात माझी बावीस वर्षांची नोकरी, वय आणि चष्मा यांना कुणीही मान दिला नाही.

पोलादपूरहून पुढे जीप, आणि जीप थांबते तिथून वर चालत. फेब्रुवारीचं ऊन, खाचरं कापून वाळलेली, आणि मी एका हातात खोकं, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन चाललो होतो. पिशवीत होत्या सूचना. दोन रात्री जागून मी त्या टाइप केल्या होत्या: सात पानं, सदतीस मुद्दे, प्लास्टिकचं आवरण घालून. आहार, पाणी, मनःस्थिती, आणीबाणी. शेवटच्या पानावर जोडपत्र अ.

जानकीबाई अंगणात पेंढ्याच्या जुड्या रचत होत्या. साठ-पासष्टीची बाई, अंगाने काटक. त्यांनी खोकं उघडलं, साहेबांना मानेच्या कातडीला धरून अलगद उचललं, उलटं केलं, एकदा नीट पाहिलं आणि परत सुलटं केलं. साहेब माझ्याकडे असताना कधी इतके गप्प राहिले नव्हते.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. मी सूचना पुढे केल्या. त्यांनी वरचं पान पाहिलं, प्लास्टिक बोटाने चाचपलं आणि म्हणाल्या, "चांगला जाड हाय. हांड्यावर झाकन होईल."

"जानकीबाई, वाचून दाखवू का?"

"कशाला? ससा वाचतो का?" मग त्या माझ्याकडे वळून सरळ विचारत्या झाल्या, "अर्धेलीनं ना, भाऊ?"

इथे माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी प्रशासकीय चूक झाली. अर्धेली म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं असं नाही. या डोंगरात शेळी अशीच देतात: जनावर मालकाचं, चारा आणि मेहनत सांभाळणाऱ्याची, आणि होणारी पिल्लं दोघांत निम्मी. शेळ्यांच्या योजनेच्या अर्जांवर मी स्वतः तो शब्द शंभर वेळा टाइप केला आहे. पण समोर होता एक ससा, एकटा, नर, आणि नाव साहेब. त्याची अर्धेली कशी होणार? म्हातारीला विनोद करायची हौस दिसते, असं मला वाटलं. परतीच्या जीपचा हॉर्न खाली वाजत होता. मी मोठ्या मनाने हसून म्हणालो, "हो हो, अर्धेलीनंच!"

"मंग झाला," जानकीबाई म्हणाल्या, आणि साहेबांना घेऊन आत गेल्या. वळून न बघता मी उतरलो. खरं सांगायचं तर दोनदा बघितलं.

पुण्याला आम्हा चाळीस कारकुनांना नस्ती कशी बांधावी हे शिकवत होते. वाडीत फोनला रेंज नाही, त्यामुळे साहेबांची बातमी फक्त चंदूकडून यायची, तो रविवारी घरी जाऊन आला की. पहिल्या सोमवारी: "मजेत हाय. शेवग्याचा पाला खातो. आत्यानं त्याला सोबत केलीय." मला बरं वाटलं. कोंबड्यांची सोबत असेल. तिसऱ्या सोमवारी: "साहेब जाड झालेत." माझ्या सदतीस मुद्द्यांत वजनाचा मुद्दा नव्हता, म्हणून मी चंदूला ताकीद दिली की खाणं बेताचं ठेवा. चंदू म्हणाला, "आता कसा बेताचा, भाऊसाहेब? आता तर जास्तच लागतो." मला अर्थ लागला नाही. दर्शू रोज फोटो मागत होती. मी मोबाइलमधले जुने फोटो एकेक करून पाठवत होतो. एका फोटोत मागे दिवाळीचा आकाशकंदील दिसत होता. तिने विचारलं. मी म्हणालो, इस्माईलकाकांनी काढला नसेल अजून. आणि फोन ठेवून पांघरूण डोक्यावर घेतलं.

सहाव्या आठवड्याच्या सोमवारी वर्तणूक नियमांचा तास चालू होता. फोन थरथरला. मी वाकून, बाकाखाली डोकं घालून उचलला.

"भाऊसाहेब, साहेब बाळंत झाले," चंदू म्हणाला. "काल. सात."

मी ताडकन उठून उभा राहिलो. व्याख्याते थांबले. "काही शंका?" त्यांनी विचारलं. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही सर. साहेब बाळंत झाले." पुढे प्रशिक्षणाचे पाच दिवस मला कुणी नावाने हाक मारली नाही. प्रमाणपत्र देतानासुद्धा कुणीतरी मागून "पेढे!" म्हणून ओरडलं.

साहेब मादी होते, हे तीन वर्षांत आमच्या घरात कुणालाही कळलं नव्हतं. मला नाही, सरिताला नाही, वनखात्यालाही नाही. जानकीबाईंना ते उलटं धरल्यावर एका क्षणात कळलं होतं.

महाडला परतलो तो पंधरा मार्च. धावत पोलादपूरला जायला हवं होतं. पण आधी कार्यालयात रुजू अहवाल, मग साठलेली टपालं, मग वीस मार्चच्या पाहुण्यांसाठी गाद्या, तांदूळ, पाण्याचे पिंप. हे सगळं खरं आहे आणि ही सगळी सबबही आहे. मला भीती वाटत होती. नुकती जन्मलेली सात पिल्लं आणि ती आई, डोंगरातली थंडी, मांजरं, मुंगूस. मुरमुऱ्याच्या वेळी मी अकराव्या क्रमांकावरच अडकलो, तसंच पुन्हा होईल की काय, असं रोज वाटायचं. गेलो आणि तिथे काही उरलं नसलं तर? न जाण्यात अजून थोडी आशा होती. मी अशा प्रकारचा माणूस आहे, ते मला या वयात कळलं.

एकोणीसच्या संध्याकाळी दर्शू दोन मैत्रिणींसह आली. बॅग खांद्यावरच होती. सरळ पिंजऱ्याकडे गेली. पिंजरा रिकामा, धुऊन पुसून लख्ख.

"पप्पा, साहेब अजून वरच आहे?"

मी हो म्हणालो असतो, पण त्याच वेळी आसियाभाभी शिरखुर्म्याचं भांडं घेऊन जिन्यातून उतरत होत्या. ईद दोन दिवसांवर होती, आणि भाभी नेहमी चाचणीची एक खेप आधी करतात. त्यांनी मनापासून विचारलं, "नागसेनभाऊ, तुमच्या सशाचं मग कुठे जमलं?"

मी सगळं सांगितलं. दवाखाना, वनखातं, एसटी, वाडी, अर्धेली, सात. दर्शू ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "म्हणजे शेवटी दुसऱ्याच कुणाच्या भरवशावर?" आणि गप्प झाली. मला ती शांतता ओळखीची होती. वीस तारखेला आम्ही सगळे तळ्यावर गेलो. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या एवढ्या गर्दीत, उन्हात, ती माझ्या शेजारी उभी होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. मी मनात मोजलं: एक.

एकवीसच्या सकाळी आम्ही दोघं वाडी चढलो. माझ्या हातात पुन्हा तेच भोकांचं खोकं. घामाने चष्मा घसरत होता. एसटीतला म्हातारा आठवत होता. अंगणात पोचलो तर जानकीबाई दिसल्या नाहीत, पाण्याच्या हांड्यावर मात्र माझ्या सूचना मधोमध उघडून ठेवलेल्या होत्या. मुद्दा सतरा ते चोवीस सहज वाचता येत होते.

"अवो, आत या," आतून आवाज आला. "हळू या. ती पाजते हाय."

चुलीच्या मागच्या उबेला, भाताच्या तणसात, आपल्याच अंगाची लोकर उपटून केलेल्या गादीवर साहेब बसले होते. पोटाशी सात पिल्लं, नुकती डोळे उघडलेली. वर दांडीला उलटी टोपली टांगलेली, मांजर आलं तर झटकन पालथी घालायला. शेजारी जानकीबाईंची गोधडी. त्या तिथेच झोपत होत्या, हे विचारावं लागलं नाही.

दर्शू उंबऱ्यातच खाली बसली.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "जानकीबाई, फार उपकार झाले. आता आम्ही घेऊन जातो."

"नेतावं कुठं?" त्या चमकल्या. "अजून म्हैनाभर पाजनार. आनी वाटनी झाली कुठं? अर्धेलीनं ठरला ना? तुमी बोल्लात." त्यांनी बोटं पुढे केली. "सात हायत. तीन तुमची, तीन माजी. एक वाडीतल्या दत्तारामचा. त्याचा नर मी दोन दिस आनलेला. तोंडानं कबूल केलंय, द्यावा लागंल. आई तुमची. मी पिल्लांत काय खोटेपना करत नाय. नवाव्या दिवशी एक गार पडलेला, त्याला मी पदरात घालून रातभर शेकवला. तो तुमच्या वाट्याचा निघाला तर निघू दे. आधीच सांगून ठेवते."

 या सगळ्या खटाटोपात पहिल्यांदाच एका माणसाने माझ्याशी केलेला करार तंतोतंत पाळला होता, आणि मी तो विनोद समजलो होतो. इतक्या दिवसांत मी या बाईंना परकी ठरवावं की न ठरवावं याचं टिपण करत बसलो, आणि त्या रात्री-अपरात्री उठून, कुणाच्या वाट्याचं ते न पाहता, पिल्लू शेकत होत्या. मला फार लाज वाटली.

"दर्शू," मी म्हणालो, "चुकलंच माझं. तुला शब्द दिला होता. मी त्याला इथे सोडून गेलो."

ती पुढे सरकली. साहेबांच्या दोन कानांच्या मधे बोट फिरवत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "पप्पा, केवढं चढून आलो आपण."

"हो गं. दम लागला का?"

"नाही. म्हणजे या वेळी तुम्ही सगळ्यात आधी ह्याला वर आणलंत."

मी बाहेर अंगणात गेलो आणि चष्मा पुसला. समोर खाली पोलादपूर, त्याच्या पलीकडे धुरकट महाडची बाजू. जानकीबाई आतून ओरडल्या, "भाऊ, पानी हवा तर हांड्यातला घ्या. झाकन परत नीट ठेवा!" मी ठेवलं. मुद्दा सतरा वरच्या बाजूला.

साहेबांना महिनाभर तिथेच ठेवून, रिकामं खोकं घेऊन घरी आलो तर टपालात पुण्याच्या प्रशिक्षण केंद्राचं पत्र पडलेलं होतं: 'आपली विनंती सहानुभूतीपूर्वक विचारात घेऊन एक (१) ससा सोबत आणण्यास परवानगी देण्यात येत आहे. एकापेक्षा अधिक असल्यास स्वतंत्र अर्ज करावा.' मी ते नस्तीला लावलं. पुढच्या महिन्यात माझी बढतीवर पेणला बदली होणार आहे, सरिता मुलुंडहून यायची आहे, इस्माईलभाईंची मांजर आमच्या जिन्यात नुसता आवाज आला तरी कपाटावर जाते, आणि आता मला एका नव्हे, चार सशांची सोय लावायची आहे. माझी बुद्धी चालत नाही.

पण लातूरची गाडी पकडण्याआधी दर्शूने दारामागची यादी पाहिली. शून्यापुढचं जुनं पेन्सिलीचं नाव तिने खोडलं नाही. पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुम्ही लिहा, पप्पा. तुमचं अक्षर नियमात बसतं."

मी 'साहेब'च्या पुढे लिहिलं, 'व कुटुंब, एकूण चार'. आणि खाली सही केली.